मानसशास्त्राची तोंडओळख : दृष्टिकोन आणि संशोधनपद्धतींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेली मुलंमुली जे प्रश्न दरवर्षी हमखास विचारतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. दृष्टिकोन आणि संशोधनपद्धती ही दोन प्रकरणं बहुतेकांना कोरडी वाटतात. ‘खरं’ मानसशास्त्र पुढे स्वप्नं, व्यक्तिमत्त्व, विकार यांपासून सुरू होतं असा समज असतो. माझा अनुभव उलटा आहे. ही दोन प्रकरणं ज्याला कळली, त्याला पुढचं पुस्तक स्वतःचं स्वतः वाचता येतं आणि त्यातलं काय मानायचं, कशावर शंका घ्यायची हेही ठरवता येतं. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे गोंधळ जास्त होतो तिथे मी जास्त रेंगाळले आहे.

मानसशास्त्र शिकलं की समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का?

नाही. आपण मानसशास्त्र शिकतो असं कुणाला सांगितलं की “मग सांग बरं, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?” हे ठरलेलंच. या मनकवडेपणाचं पितळ बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये फार गमतीदार रीतीने उघडं पाडलं. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक व्यक्तिमत्त्व चाचणी सोडवून घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती ‘खास तुमचं’ म्हणून एक वर्णन ठेवलं. वरून शिस्तशीर पण आतून अस्वस्थ, अंगी बरीच न वापरलेली क्षमता, अशा थाटाची वाक्यं त्यात होती. वर्णन कितपत जुळतं याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग फोररने सांगितलं, सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली बरीचशी वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती.

मानसशास्त्र शिकून एवढं कळतं की अमुक परिस्थितीत बहुतेक माणसं साधारण कशी वागतात आणि का. एका ठरावीक माणसाच्या डोक्यात या क्षणी काय आहे, हे त्यालाच विचारावं लागतं. तोही दर वेळी बरोबर सांगेल असं नाही, आणि संशोधनपद्धतींची निम्मी कटकट त्यातूनच सुरू होते.

मन दिसत नाही, मोजता येत नाही. मग हे शास्त्र कशावरून?

गुरुत्वाकर्षणही दिसत नाही; पडणारी वस्तू दिसते. तसंच इथे. जे दिसत नाही त्याचा दिसणारा परिणाम मोजायचा. विल्हेल्म वुंटने १८७९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. तिथे साधा दिवा लागल्यावर किंवा आवाज झाल्यावर माणसाला प्रतिक्रिया द्यायला किती वेळ लागतो, हे सेकंदाच्या अंशांत मोजलं जात होतं. त्याच्या थोडं पुढे-मागे हरमान एबिंगहाउस स्वतःवरच प्रयोग करत होता. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या, ठरावीक वेळाने परत पाठ करायच्या आणि दुसऱ्यांदा किती श्रम वाचले ते मोजायचं. १८८५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो, हा त्याचा निष्कर्ष आजही टिकून आहे.

‘चिंता’ हा शब्द मोजता येत नाही. पण “चिंता म्हणजे या अभ्यासापुरते या प्रश्नावलीतले गुण”, किंवा “मिनिटाला पडणारे हृदयाचे ठोके” असं आधीच ठरवून टाकलं की मोजता येते. याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. ती अपुरी असू शकते, तिच्याशी भांडता येतं. पण निदान दोघेजण एकाच गोष्टीबद्दल भांडत असतात.

इतके दृष्टिकोन कशाला? त्यातला एक बरोबर आणि बाकीचे चूक असं असेल ना?

एक उदाहरण धरू या. उद्या परीक्षा आहे आणि एका विद्यार्थिनीला रात्री दोन वाजले तरी झोप येत नाही. का?

वर्तनवादी विचारेल, ती अभ्यास कुठे करते? महिनाभर अंथरुणावर बसून, धडधडत्या छातीने वाचत असेल तर अंथरूण आणि धास्ती यांची गाठ पडली आहे. तिथे पाठ टेकली की शरीर जागं होतं. बोधात्मक दृष्टिकोनाचा माणूस म्हणेल, ती स्वतःशी काय बोलतेय ते आधी ऐका. “आता झोप लागली नाही तर उद्या सगळं विसरणार, मग संपलंच,” या वाक्यानेच झोप उडते. जैविक दृष्टिकोन शरीराचं घड्याळ, ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक आणि संध्याकाळी उशिरा घेतलेली कॉफी यांच्याकडे बोट दाखवेल. मनोगतिक परंपरेतला अभ्यासक जुन्या गोष्टीत शिरेल : लहानपणी गुण आणि प्रेम यांचा सौदा झाला होता का? मानवतावादी वेगळाच प्रश्न टाकेल, की ही परीक्षा तिला स्वतःला द्यायची आहे का? आणि सामाजिक-सांस्कृतिक दृष्टिकोन तिला सोडून तिच्या भोवतीची स्पर्धा, घरच्यांच्या अपेक्षा, नापास होण्याला समाज देत असलेला अर्थ यांच्याकडे वळेल.

यातल्या बऱ्याच गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. निद्रानाशावरच्या आजच्या मानसोपचारात अंथरूण फक्त झोपेसाठीच वापरायचं, हा वर्तनवादातून आलेला नियम आहे. झोपेबद्दलचे टोकाचे विचार तपासून पाहायचे, हा भाग बोधात्मक विचारातला. दोन्ही एकाच उपचारात शेजारी शेजारी नांदतात.

पण म्हणून “सगळेच दृष्टिकोन आपापल्या जागी बरोबर” असं उत्तरपत्रिकेत लिहून मोकळं होऊ नका. ते आळशी उत्तर आहे. दृष्टिकोन म्हणजे कुठला प्रश्न आधी विचारायचा याची सवय. त्या प्रश्नाचं मिळालेलं उत्तर मात्र पुराव्यावर टिकतं किंवा पडतं. अंथरुणाची सवय बदलल्यावर झोप सुधारते का, हे तपासता येतं. लहानपणच्या सौद्याचं काय, हे तपासणं फारच अवघड जातं. हा फरक लहान नाही.

रचनावाद आणि कार्यवाद आज कुणी वापरतं का?

त्या नावांनी नाही. वुंटचा शिष्य टिचनर याचा रचनावाद प्रशिक्षित माणसांना स्वतःच्या अनुभवाचे तुकडे करून सांगायला लावत असे. त्यालाच अंतर्निरीक्षण म्हणतात. दोन प्रयोगशाळांतल्या माणसांची वर्णनं जुळली नाहीत तर खरं कुणाचं, हे ठरवायचा मार्गच नव्हता, आणि तिथेच तो अडकला. विल्यम जेम्सच्या कार्यवादाने “मन कशाचं बनलंय” याऐवजी “मनाचा उपयोग काय” हे विचारलं. तो प्रश्न शैक्षणिक मानसशास्त्रात आणि उत्क्रांतीवादी मानसशास्त्रात मुरून गेला.

समष्टिवाद म्हणजे नेमकं काय? पुस्तकातली व्याख्या डोक्यावरून जाते.

पडद्यावर चित्रपट पाहता तेव्हा प्रत्यक्षात स्थिर चित्रं एकामागून एक येत असतात. हालचाल त्या चित्रांपैकी एकातही नसते. तरी ती तुम्हाला दिसते. मॅक्स वर्थायमरने १९१२ मध्ये अशाच भासमान हालचालीवर लिहिलं आणि समष्टिवादाची सुरुवात त्यातून झाली. अनुभवाचे तुकडे पाडले की जे हरवतं, तेच या लोकांना अभ्यासायचं होतं. टिचनरला दिलेलं हे सगळ्यांत नेमकं उत्तर आहे असं मला वाटतं.

वर्तनवाद्यांनी मन आहे हेच नाकारलं, हे खरं आहे का?

अर्धं खरं. जॉन वॉटसनने १९१३ च्या लेखात मानसशास्त्राने जाणिवेचा नाद सोडावा आणि दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करावा असं ठणकावून सांगितलं. अंतर्निरीक्षणाचा घोळ पाहिल्यावर त्याचा वैताग समजू शकतो. पुढच्या पिढीतला वर्तनवादी बी. एफ. स्किनर याची भूमिका थोडी निराळी होती. विचार, भावना असतात हे त्याला मान्य होतं. त्या वर्तनाची कारणं आहेत हे मान्य नव्हतं. त्याच्या मते त्याही वर्तनासारख्याच, ज्यांचं स्पष्टीकरण द्यायला हवं अशा घटना.

पावलॉव्हबद्दल एक गैरसमज जाता जाता दूर करते. तो मानसशास्त्रज्ञ नव्हता, शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता, आणि १९०४ चं नोबेल त्याला पचनावरच्या कामासाठी मिळालं, अभिसंधानासाठी (एका गोष्टीची दुसरीशी गाठ पडून शिकणं, त्यावरच्या कामासाठी) नाही.

वर्तनवादाला पहिला सुरुंग उंदरांनी लावला. टोलमन आणि हॉन्झिक यांनी १९३० मध्ये काही उंदरांना भूलभुलैयात नुसतंच फिरू दिलं, खाऊ काहीच नाही. दहा दिवस त्यांची प्रगती यथातथाच. अकराव्या दिवसापासून शेवटी खाऊ ठेवायला लागल्यावर ते बघता बघता पहिल्यापासून खाऊ मिळत असलेल्या उंदरांच्या बरोबरीला आले. म्हणजे बक्षिसाशिवायच ते वाट शिकत होते, फक्त दाखवत नव्हते. डोक्यात नकाशासारखं काही असल्याशिवाय हे समजावणं जड जातं. पुढे १९५६ मध्ये जॉर्ज मिलरचा अल्पकालीन स्मृतीच्या मर्यादेवरचा लेख आला, १९५९ मध्ये नोम चॉम्स्कीने स्किनरच्या भाषाविषयक पुस्तकाची झोड उठवणारी समीक्षा लिहिली, आणि संगणकाच्या जमान्यात ‘माहितीवर प्रक्रिया करणारं मन’ पुन्हा अभ्यासाच्या मध्यभागी येऊन बसलं.

फ्रॉइड चुकीचा ठरला असेल तर त्याला अजून का शिकवतात?

कारण मनोगतिक परंपरा सुरू करणाऱ्या फ्रॉइडने विचारलेले प्रश्न अजून जिवंत आहेत. आपल्या वागण्याची सगळी कारणं आपल्याला ठाऊक नसतात, हे आज प्रयोगांनी भरपूर दिसून आलं आहे. मात्र प्रयोगांत दिसणारं नेणिवेतलं मन बरंचसं सवयीचं, झटपट काम उरकणारं आहे. दडपलेल्या वासनांचं तळघर नव्हे.

अडचण पद्धतीची आहे. फ्रॉइडने लावलेला अर्थ रुग्णाने मान्य केला तर सिद्धांत बरोबर. रागावून नाकारला तर तो ‘प्रतिकार’, म्हणजे पुन्हा सिद्धांतच बरोबर. ज्या विधानाला हरण्याची सोयच नाही ते जिंकलं याला अर्थ राहत नाही. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाचा आक्षेप हाच होता. शिवाय फ्रॉइडचा पुरावा मोजक्या रुग्णांच्या, त्यानेच नंतर लिहून काढलेल्या हकिकतींचा आहे.

सगळं शेवटी मेंदूतच घडतं. मग बाकीचे दृष्टिकोन हवेत कशाला?

हा प्रश्न हुशार मुलं विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

मेंदूचा अभ्यास महत्त्वाचा आहे याबद्दल वाद नाही. १८६१ मध्ये पॉल ब्रोकाने वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा दाखवली. हेन्री मोलाइसन या अमेरिकन माणसाला फेफऱ्याचा तीव्र त्रास होता. १९५३ मध्ये शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस या आतल्या भागाचा बराच हिस्सा काढला. झटके कमी झाले, पण नवीन आठवणी साठवणंच थांबलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर काम करत राहिली आणि दर भेटीला तिची ओळख नव्याने व्हायची. तरीही आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायचं कौशल्य तो दिवसेंदिवस सुधारत गेला, आणि हे आपण आधी केलंय हे त्याला आठवत नसे. आठवण ही एकच गोष्ट नसून तिचे निरनिराळे प्रकार आहेत, हे मानसशास्त्राला त्याने शिकवलं. २००८ मध्ये तो गेला, तोवर पुस्तकांत त्याचा उल्लेख फक्त आद्याक्षरांनी होत असे.

पण मिल्नरला हे कळलं ते वर्तनाच्या चाचण्यांतून. नुसत्या इजेच्या जागेवरून कळलं नसतं. कॉर्टिसॉलची पातळी सांगेल की ती विद्यार्थिनी ताणात आहे. ताण उद्याच्या पेपरचा की घरातल्या भांडणाचा, ते नाही सांगणार.

शिवाय मेंदूची रंगीत चित्रं दिसतात तितकी सरळ नसतात. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’ आणि त्यातला माणूस काय अनुभवत असेल असं विचारलं. नेहमीच्या सैल आकडेमोडीने माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली! हजारो ठिकाणी एकदम तपासणी केली की काही ठिकाणी योगायोगाने ठिणगी दिसणारच. या योगायोगाचा हिशेब धरून आकडेमोड दुरुस्त केल्यावर मासा पुन्हा मेलेलाच निघाला.

संशोधनाची सगळ्यांत चांगली पद्धत कोणती?

प्रश्न सांगा, मग पद्धत सांगते. लहान मुलं खेळताना भांडण कसं मिटवतात हे पाहायचं तर निरीक्षण. हजारो लोकांचं मत हवं तर सर्वेक्षण. मोलाइसनसारखी दुर्मीळ गोष्ट असेल तर व्यक्ती-अभ्यास. तिथे प्रयोग करायचं म्हटलं तर निरोगी माणसाचा मेंदू कापावा लागेल. कशामुळे काय होतं हे ठामपणे म्हणायचं असेल तर मात्र प्रयोगाला पर्याय फार थोडे आहेत.

“सहसंबंध म्हणजे कार्यकारणसंबंध नव्हे” हे पाठ आहे. पण का नव्हे?

समजा एका पाहणीत दिसलं, की जी मुलं रात्री मोबाइल जास्त पाहतात ती कमी झोपतात. तीन शक्यता आहेत. मोबाइलमुळे झोप जाते. किंवा झोपच येत नाही म्हणून मुलं मोबाइल हातात घेतात. किंवा तिसरंच काहीतरी, उदाहरणार्थ परीक्षेची चिंता, झोपही घालवतं आणि मोबाइलकडेही ढकलतं. पाहणीतले आकडे तिन्ही शक्यतांमध्ये हुबेहूब सारखे दिसतील. आकड्यांकडे कितीही टक लावून पाहिलं तरी बाण कुठल्या दिशेचा, ते कळणार नाही.

दोन गोष्टींचा संबंध किती बळकट हे सांगणारा सहसंबंध गुणांक −१ ते +१ यांच्यामध्ये असतो. इथे दरवर्षी गुण जातात ते एकाच ठिकाणी : −०.७ हा +०.४ पेक्षा बळकट संबंध आहे. उणे चिन्ह फक्त एवढंच सांगतं की एक वाढलं की दुसरं घटतं.

उलट टोकालाही जाऊ नका. सहसंबंध निरुपयोगी नाही. कुणालाही जबरदस्तीने वर्षानुवर्षं उपाशी, एकटं किंवा व्यसनी ठेवून प्रयोग करता येत नाही. तिथे निरनिराळ्या मार्गांनी आलेले सहसंबंध एकत्र ठेवूनच कारणाकडे जावं लागतं.

प्रयोगात नेमकं काय करतात? स्वतंत्र आणि आश्रित चल यांत दर वेळी घोळ होतो.

आधी शब्दांचा घोळ. कुठे ‘चल’, कुठे ‘परिवर्त्य’, कुठे ‘परिवर्तक’ असं छापलेलं सापडेल, तिन्ही एकच. संशोधक जे मुद्दाम बदलतो ते स्वतंत्र. त्यामुळे काय बदललं म्हणून जे मोजतो ते आश्रित.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग घ्या. ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या छोट्या फिती दाखवल्या आणि गाड्या किती वेगात होत्या असं विचारलं. प्रश्नात फक्त क्रियापद बदललं होतं. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना, गाड्यांचा एकमेकींना ‘स्पर्श झाला’ तेव्हा किती होता. मूळ इंग्रजी शब्दांची छटा साधारण अशीच. पहिल्या गटाचा सरासरी अंदाज ताशी चाळीस मैलांच्या थोडा वर, दुसऱ्याचा ३१.८. फिती त्याच होत्या. इथे क्रियापद हा स्वतंत्र चल आणि वेगाचा अंदाज हा आश्रित चल.

पुढचा भाग जास्त अस्वस्थ करणारा आहे. दुसऱ्या प्रयोगात १५० जणांना अपघात दाखवून आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिली का? फितीत काच फुटलेलीच नव्हती. ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं. साध्या ‘धडकल्या’ या शब्दाच्या गटात ७ जणांनी, आणि वेगाचा प्रश्नच न विचारलेल्या नियंत्रित गटात ६ जणांनी. तो नियंत्रित गट नसता तर १६ हा आकडा मोठा की लहान, हे कशावरून ठरवलं असतं?

यादृच्छिक निवड आणि यादृच्छिक विभागणी या दोन गोष्टी आहेत का?

हो, आणि त्यांची कामंही वेगळी. अभ्यासात कोण येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं म्हणजे निवड. त्यामुळे निष्कर्ष बाहेरच्या लोकांना लावता येतो. आलेल्यांपैकी कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं म्हणजे विभागणी. त्यामुळे कारण सांगता येतं, कारण चिंतातुर, गाढ झोपणारे, हुशार, आळशी सगळे दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात.

निवड फसली की संख्या वाचवत नाही. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट प्रचंड बहुमताने आले. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतले होते, म्हणजे मंदीच्या काळात खिसा बरा असलेल्यांचे. शिवाय उत्तर पाठवायची तसदी कुणी घेतली हाही प्रश्न होताच.

प्रयोग घेणाऱ्यालाही कुठला गट कुठला हे का कळू देत नाहीत? तो काय लबाडी करणार?

लबाडी करावीच लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खुराने टकटक करून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं देत असे. मालक पैसेही घेत नव्हता. १९०४ मध्ये जाणकारांच्या समितीने पाहणी केली, तिला कसलीही फसवेगिरी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्टने पद्धतशीर चाचण्या घेतल्या. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्स चुकायचा. विचारणारा दिसत नसेल तरी चुकायचा. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर होत असे, आणि घोडा तेवढ्यावर थांबत असे. हे सगळं कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःच्या त्या हालचाली पूर्ण थांबवता आल्या नाहीत.

हा माझा सगळ्यांत आवडता प्रयोग आहे. सगळे प्रामाणिक होते आणि सगळे चुकले. प्रयोगात सहभागी माणूस आणि मोजणारा, दोघांनाही गटाची माहिती न देण्याची ‘डबल ब्लाइंड’ रीत अशाच चुका अडवते.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांत फरक काय?

वजनकाटा दर वेळी बरोबर तीन किलो जास्त दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही. उलटं होत नाही : रोज वेगळाच आकडा दाखवणारा काटा सप्रमाण असू शकत नाही.

पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आलं म्हणजे निष्कर्ष ९५ टक्के खरा, बरोबर?

चूक, आणि ही चूक संशोधकही करतात. अर्थ एवढाच : प्रत्यक्षात काहीही फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांपेक्षा कमी आहे. निष्कर्ष खरा असण्याची शक्यता ही वेगळी गोष्ट. फरक मोठा आहे की नगण्य, हेही त्यातून कळत नाही; नमुना पुरेसा मोठा असला की क्षुल्लक फरकही ‘लक्षणीय’ ठरतो. आणि वीस निरनिराळ्या गोष्टी तपासल्या तर, कशातच काही नसतानाही, सरासरी एक लक्षणीय निघेल. मेलेला मासा आठवा.

गाजलेले प्रयोग पुन्हा केल्यावर तसे निष्कर्ष येत नाहीत असं वाचलं. मग आम्ही काय शिकतोय?

वाचलंत ते खरं आहे. २०११ मध्ये डॅरिल बेम या मान्यवर मानसशास्त्रज्ञाने माणसांना भविष्यातल्या गोष्टी आधी जाणवतात असं ‘दाखवणारे’ नऊ प्रयोग एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केले. पद्धती नेहमीच्याच होत्या, आणि धक्का त्याचाच बसला. नेहमीच्या पद्धतींनी हेही सिद्ध होत असेल तर पद्धतींतच भोक आहे. २०१५ मध्ये शंभर प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा मोठा सामूहिक प्रकल्प प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय निष्कर्ष होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत आला.

कारणं फार गूढ नाहीत. नमुने लहान. ‘काहीच सापडलं नाही’ असे निबंध छापले जात नाहीत. आणि आकडे हाती आल्यावर, मनासारखं काहीतरी दिसेपर्यंत ते वेगवेगळ्या प्रकारे चाळले जातात. हल्ली अनेक संशोधक गृहीतक आणि विश्लेषणाची रीत आधीच नोंदवून ठेवतात, ती याच मोहावरची तोड.

नावं घ्यायची तर स्टॅनफर्डचा १९७१ चा, विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवणारा तुरुंगाचा ‘प्रयोग’ मी आता इशारा म्हणून शिकवते. दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत गुंडाळावा लागला हे सगळ्यांना माहीत असतं. तुलनेला नियंत्रित गट नव्हता, आणि पहारेकऱ्यांना कडक वागायला उत्तेजन दिल्याचं ध्वनिमुद्रणांतून पुढे आलं, हे कमी जणांना माहीत असतं. गोड खाऊ समोर ठेवून मुलांचा संयम पाहणाऱ्या चाचणीचंही तसंच. २०१८ मध्ये मोठ्या नमुन्यावर पाहिल्यावर पुढच्या यशाशी असलेला संबंध मूळच्या निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशेबात घेतल्यावर आणखी खूपच आटला.

दुसरीकडे एबिंगहाउसचा विसरण्याचा आलेख पुन्हा केल्यावरही तसाच येतो. एखादं शास्त्र स्वतःच्या चुका जाहीरपणे मोजतं याने मला तरी त्याच्यावर जास्तच भरवसा वाटतो. पण तुम्हाला राग आला असेल तर तोही रास्त आहे.

मिलग्रॅमचा प्रयोग आज करता येईल का?

मूळ स्वरूपात नाही. येल विद्यापीठातल्या या प्रयोगात सहभागी माणसाला वाटत होतं की प्रयोगकर्त्याच्या हुकमावरून आपण दुसऱ्याला १५ पासून ४५० व्होल्टपर्यंत विजेचे झटके देतोय. झटके खोटे होते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. त्यांना घाम फुटला, ते थरथरले, “थांबू या का” म्हणाले, आणि दाबत राहिले. एक गोष्ट गाळली जाते : हुकूम देणारा प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन फोनवर बोलू लागला की आज्ञापालन घसरून बरंच खाली आलं. निष्कर्ष ‘माणूस क्रूर आहे’ असा नाहीच. परिस्थितीतला छोटा बदल वागणं किती फिरवतो, असा आहे.

वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर आज विचारातही घेतला जाणार नाही. एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारून त्यांनी त्याला उंदराची भीती शिकवली आणि ती घालवलीही नाही. आता सहभागी माणसाची माहितीपूर्ण संमती लागते, केव्हाही सोडून जायची मुभा लागते, नैतिकता समितीची परवानगी लागते. दिशाभूल पूर्ण बंद नाही. पण ती टाळणं अशक्य आहे हे पटवून द्यावं लागतं आणि शेवटी सगळं उलगडून सांगावं लागतं.

बहुतेक अभ्यास परदेशी विद्यार्थ्यांवर झालेत. ते सगळ्यांना कसे लागू?

अनेकदा लागत नाहीत. हेन्रिक, हाइने आणि नोरेनझायन यांनी २०१० मध्ये यावर गाजलेला लेख लिहिला. त्यात त्यांनी आधीच्या एका पाहणीचा आधार दिला होता : आघाडीच्या नियतकालिकांतले ९६ टक्के नमुने जगाच्या अवघ्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतून आले होते. टोकांना बाण असलेल्या दोन सारख्या रेघा लहान-मोठ्या दिसण्याचा भ्रम पुस्तकात ‘माणसाचा’ म्हणून छापतात. कालाहारीतल्या सान लोकांना तो जवळजवळ होतच नाही. डोळ्यांसारख्या मूलभूत गोष्टीत हे, तर नैतिकता, संयम, स्व-प्रतिमा यांच्याबद्दल तर ‘माणसं अशी वागतात’ लिहिण्याआधी ‘कुठली माणसं?’ हा प्रश्न आलाच पाहिजे.

मला प्रकल्पासाठी स्वतःचा छोटा अभ्यास करायचाय. कुठून सुरू करू?

विषय लहान करा. ‘तरुणाई आणि तणाव’ हा विषय नाही, निबंधाचं शीर्षक आहे. “झोपण्याआधीचा तासभर मोबाइल दूर ठेवला तर झोप लवकर लागते का?” हे चालेल. चाळीसेक जण तयार झाले तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एक गट आठवडाभर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवेल, दुसरा नेहमीसारखा वागेल. ‘लवकर’ म्हणजे काय ते आधी ठरवा : दिवा बंद केल्यापासून झोप लागेपर्यंतची मिनिटं, रोज सकाळी उठल्या उठल्या वहीत नोंदवलेली. हा स्वतः सांगितलेला अंदाज आहे, त्यात चूक असणार, हे अहवालात लिहा. सगळ्यांची लेखी संमती घ्या, वह्यांवर नावांऐवजी क्रमांक टाका. शक्य असेल तर आकड्यांची बेरीज अशा मैत्रिणीकडून करून घ्या जिला कुठला गट कुठला ते माहीत नाही.

आणि पहिली वही हाती येण्याआधी तुमचा प्रश्न, तुमचा अंदाज आणि कुठले आकडे कशाशी ताडून पाहणार ते एका कागदावर तारखेसह लिहून मार्गदर्शकांकडे देऊन ठेवा. फरक काहीच दिसला नाही तर तसंच लिहा. त्यासाठी गुण कापले जाऊ नयेत, आणि मी तरी कापत नाही.